आखाजीच्या दिवशी झालेली सभा

मी उपाध्यक्ष झाले ते मला चहा गाळताना कळलं. आमचे हे कोर्टातून आले, काळा कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "तुला मुलींच्या शाळेच्या संस्थेची उपाध्यक्ष केलंय. पंधरा ऑगस्टला जरा बरं पातळ नेस." एवढं बोलून ते पाय धुवायला गेले. मी गाळणं हातात धरून तशीच उभी. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायला हवं होतं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. मलाही ते त्या दिवशी आलं नाही, हे आता लिहिताना खटकतं.

आमचं गाव तालुक्याचं, धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. मी धुळ्याची. लग्नाआधी कॉलेजची दोन वर्षं केलेली, त्यामुळे गावात शिकलेली बाई म्हणून माझा लौकिक. मुलींची शाळा निघून पाच-सहा वर्षं झाली होती. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले आणि त्यांनी सहज विचारलं, शाळा मुलींची आणि कार्यकारी मंडळात एकही बाई नाही? साहेबांचा चहा संपायच्या आत मंडळाला बाई सापडली होती. वकिलांची बायको, घरचीच.

त्या काळी आमच्या भागात संस्थांचं पीकच आलं होतं. सोसायटी, जिनिंग, खरेदी-विक्री संघ, वाचनालय, ग्रामपंचायत. चेअरमन तिथे व्हाईस चेअरमन, सरपंच तिथे उपसरपंच. लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या काकांच्या नावापुढे 'व्हाईस चेअरमन' छापल्याशिवाय काका मांडवात पाऊल ठेवत नसत. पण हे व्हाईस लोक नेमकं करतात काय, असं विचारलं तर त्यांच्या घरच्यांनाही सांगता येत नसे. गावात दोन गट असले की एकाला खुर्ची द्यायची आणि दुसऱ्याला उप देऊन गप्प करायचं, तेवढ्यापुरतं ते पद. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. माझी कामं तीन होती. ध्वजवंदनाला पेढे वाटायचे, संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू करायचं, आणि स्नेहसंमेलनात आभार मानायचे. आभार म्हणजे लोक उठून चपला शोधायला लागले की करायचं भाषण.

संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे व्यापारी होते. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या. शाळेची जागा त्यांनीच दिली होती. माणूस गोड बोलणारा, आणि शाळेच्या कामात फारसं लक्ष न घालणारा. खरा कारभार चिटणीसांच्या हातात. ते निवृत्त शिक्षक होते, अक्षर मोत्यासारखं, आणि आमच्या ह्यांचे पत्त्यातले जोडीदार. आमचे हे मंडळाचे सभासद आणि कायद्याचे सल्लागार. बाकी पाच जण शेतकरी आणि दुकानदार. असे आम्ही नऊ.

सभासद होऊन महिना झाला तरी मला सभेचं बोलावणं येईना. मग एके दिवशी शाळेचा म्हातारा शिपाई लाल कापडात गुंडाळलेलं रजिस्टर घेऊन दारात आला. "आठे सही करा, अक्का." आठे म्हणजे इथे, त्याच्या अहिराणीत. मी म्हटलं, सभा कधी आहे? "व्हई गई ना," तो म्हणाला. म्हणजे सभा होऊनही गेली होती. मी चाटच पडले. रजिस्टरात लिहिलं होतं, सभा शाळेच्या कार्यालयात सायंकाळी पाच वाजता भरली, चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर झाला. हजर सभासदांत माझं नाव होतं. त्या दिवशी पाच वाजता मी गच्चीवर कुरडया घालत होते.

संध्याकाळी मी ह्यांना विचारलं तर ते हसले. आमच्या गावात सगळ्या संस्थांची हीच रीत होती. चिटणीसांनी ठराव लिहायचा आणि रजिस्टर घरोघर फिरवायचं. लोक त्याला फिरती सभा म्हणत. शेतकरी माणसाला पाच वाजता खुर्चीवर बसवायचं तर बैल कोण सोडणार, असं ते म्हणाले, आणि ते मला पटलं. पहिल्या वेळी मला धक्का बसला, दुसऱ्या वेळी कमी बसला, आणि तिसऱ्या वेळी शिपाई दिसताच मी स्वतःच पेन शोधायला लागले. ठराव तरी काय असत? वर्गांतले फळे रंगवणे, पिण्याच्या पाण्याचा माठ बदलणे. वाचून काय करायचं होतं!

आता त्या शिक्षिकेबद्दल सांगायला हवं. ती साक्रीकडच्या एका खेड्यातली. नवऱ्याने टाकलेली. त्या वेळी असंच म्हणत, आणि म्हणताना आवाज खाली आणत. भावाने शिकवली, पण वहिनीने ते रोज ऐकवलं. आमच्या शाळेत नोकरी लागली तशी तिने आईला घेऊन गावात एक खोली घेतली. शिकवायची भूगोल. एकदा मी पेढ्यांच्या हिशेबाने लवकर गेले तर पटांगणात तिने राखेने अख्खा खानदेश काढला होता. तापी, गिरणा, पांझरा, सगळ्या नद्या. आणि प्रत्येक मुलीला सांगत होती, तुझ्या आजोळी जाऊन उभी राहा. मुली फ्रॉक सावरत नद्या ओलांडत होत्या. मीही धुळ्यावर जाऊन उभी राहिले. मुली खूप हसल्या.

जूनमध्ये तिची दोन वर्षं पुरी होणार होती. दोन वर्षं पुरी झाली की नोकरी कायम, आणि कायम झालेल्या शिक्षकाला संस्थेचा सभासद करून घ्यायची आमच्याकडे रीत होती. कायम होणं तिच्यासाठी काय होतं ते मला तिने एकदा सांगितलं होतं. "मग भावाच्या दारात परत जावं लागणार नाही, ताई." तिला दुसरं काही नको होतं.

त्या वर्षी आखाजीला घर माणसांनी फुललं होतं. आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि दिवाळीला आली नाही तरी चालेल पण आखाजीला लेक माहेरी आलीच पाहिजे. नणंद तिच्या मुलीला घेऊन आली होती. ती भाची धुळ्याला नुकतीच बी.एड. झालेली, हसरी, कामसू, माझी लाडकी. सकाळी पितरांची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. मग खापरावरच्या पुरणपोळ्या. ते काम ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उलट्या घातलेल्या तापलेल्या खापरावर टाकायची. त्या वेळी दारात देव आला तरी त्याला थांब म्हणावं लागतं. पुरुषांना त्या दिवशी एकच काम, पत्ते. आखाजीला पत्ते खेळणं आमच्याकडे रीतीतच बसतं, त्यामुळे एरवी गंभीर असणारी माणसंही झाडाखाली पान टाकताना ओरडत असतात.

नेमका त्याच वेळी शिपाई आला. अध्यक्ष लग्नसराईसाठी राजस्थानात गेले होते, महिनाभर यायचे नव्हते. म्हणून या वेळी सही उपाध्यक्षांची, आणि दोन ठिकाणी, एक रजिस्टरात आणि एक पत्रावर. माझे हात पिठाने भरलेले. भाचीने पदराने माझी बोटं पुसली, पेन माझ्या हातात दिलं आणि रजिस्टर धरून उभी राहिली. मी दोन्ही सह्या केल्या. पत्रावर पुरणाचा पिवळा डाग पडला. शिपायाला मी दोन पोळ्या बांधून दिल्या.

पुढे पंधरा दिवसांनी दुपारी शिक्षिका आली. तोंड पांढरंफटक. पायरीवरच उभी राहिली, आत येईना. हातात पत्र होतं. "ताई, मी काय केलं?" एवढंच म्हणाली.

मी पत्र घेतलं. 'आपली सेवा शैक्षणिक वर्षाअखेर समाप्त करण्यात येत आहे.' खाली माझी सही. सहीच्या बाजूला पिवळा डाग.

मी उंबऱ्यावर बसले. ती मला पाणी आणायला आत गेली. जिच्या पोटावर मी पाय दिला होता ती मला पाणी देत होती. मी तिला म्हटलं, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "पण सही तुमची आहे ना?" तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच समजत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही, त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

ती गेल्यावर मी घरात आले. आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. त्या दिवसांत देशाचे राष्ट्रपती वारले होते, दिवसभर शोकाचं संगीत लागे, आणि मधून मधून बातम्या. बातम्यांत सांगत होते की उपराष्ट्रपतींनी राष्ट्रपतिपदाची सूत्रं हाती घेतली आहेत. सांगणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. खुर्ची रिकामी झाली, उप जाऊन बसला. मी ऐकत होते आणि एकदम मनात आलं, म्हणजे उप असतो तो यासाठी! इतकी वर्षं आमच्या तालुक्यात मी डझनभर व्हाईस पाहिले, मीच एक होते, आणि ही साधी गोष्ट मला रेडिओने सांगावी लागली.

ह्यांच्या कपाटात संस्थेची घटना होती. वीसेक पानांची, पिवळी पडलेली. तिला हात लावायची माझी पहिलीच वेळ. बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलं होतं, अध्यक्षांच्या अनुपस्थितीत त्यांचे सर्व अधिकार उपाध्यक्षांकडे राहतील. सर्व अधिकार. मी ते चार वेळा वाचलं. पुढच्या कलमात होतं की तातडीची सभा तीन दिवसांच्या सूचनेने बोलावता येते. मी वहीची पानं फाडून आठ सूचना लिहिल्या. मग शिपायाला बोलावलं. त्याने कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, "सह्या कोठे लेऊ, अक्का?" मी म्हटलं, सह्या नाही घ्यायच्या, माणसं बोलवायची. तो माझ्याकडे बघतच राहिला.

आठवी सूचना ह्यांच्या हातात मीच दिली. ते आरामखुर्चीत होते. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"सभा."

"अगं, उपाध्यक्ष सभा बोलवत नसतो."

"घटनेत आहे. बारावं कलम."

"घटनेत पुष्कळ असतं," ते म्हणाले. वकील माणसाच्या तोंडून हे ऐकून मी हबकले. मग ते समजावणीच्या सुरात बोलायला लागले. चिटणीसांना तोंडघशी पाडू नकोस, अध्यक्ष येऊ देत, त्या बाईला दुसरीकडे कुठेतरी लावून देऊ. मी विचारलं, तिला काढायचं कारण काय? शिकवत नाही? वागणूक वाईट? ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "जागा रिकामी लागते आहे."

"कुणासाठी?"

बाहेर अंगणात आखाजीचा झोका अजून बांधलेला होता आणि त्यावर भाची बसून कैरी खात होती. ह्यांची नजर तिथे होती.

मला आधी कळलंच नाही. आणि मग कळलं. माझ्याच घरात शिजलेलं होतं हे. माझ्याच लाडक्या पोरीसाठी, माझ्याच सहीने, आणि तिनेच माझी बोटं पुसून पेन हातात दिलं होतं. तिला काही ठाऊक नव्हतं, हे मी तिच्या तोंडाकडे पाहूनच ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारून खात्रीही केली. तिला मी सगळं सांगितलं. ती रडली, म्हणाली, "मामी, मला ती जागा नको," आणि दुपारच्या गाडीने आईला घेऊन धुळ्याला निघून गेली. नणंद जाताना माझ्याशी बोलली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. पण मागे फिरायचं माझ्या मनातही आलं नाही.

सभेला माझ्यासकट सात जण आले. एक आजारी आहे असा निरोप होता. आलेले सगळे कुतूहलाने आलेले. शाळेला सुट्टी, कार्यालयात कोंदट वास. अध्यक्ष नसले की त्यांच्या खुर्चीत कुणी बसत नसे. शिपाई तिच्यावर ते रजिस्टरचं लाल कापड अंथरून ठेवी. मी कापड उचललं, घडी केली, टेबलावर ठेवली आणि बसले. कुणीतरी खोकलं.

मी चिटणीसांना रजिस्टर उघडायला सांगितलं आणि शिक्षिकेचा ठराव मोठ्याने वाचायला लावला. त्यांनी खणखणीत वाचला. सभेची तारीख वाचली, वेळ वाचली, हजर सभासदांची नावं वाचली. मी म्हटलं, तारीख पुन्हा वाचा. त्यांनी वाचली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना तारीख विचारली नव्हती, त्यामुळे रजिस्टर ज्या दिवशी फिरवायचं तीच तारीख ते बिनघोर टाकत. ती तारीख आखाजीची होती. दुपारी चारची सभा.

कोर्टातल्या भांडणांच्या गोष्टी ऐकून मला एवढं कळत होतं की आपण बोलायचं नाही, विचारायचं. मी एकेकाला विचारलं, आखाजीला दुपारी चार वाजता आपण कुठे होतात? पहिल्यांदा एका म्हाताऱ्या शेतकरी सभासदांना विचारलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. आबांना प्रश्नाचा रोख कळला नाही, की पुरता कळला होता, देव जाणे.

"मी तं निमखाले पत्ता खेयत व्हतू, बाई," ते म्हणाले. "आखाजीले कोनी सभा लेस का? बठ्ठा गाव पत्ता खेयस." मग चिटणीसांकडे बोट करून म्हणाले, "हाई भाऊबी व्हतात ना मना समोर. त्यासनी डाव मोडा तव्हय भांडण व्हयनं."

म्हणजे चिटणीसही त्या वेळी निंबाखाली पत्त्यांतच होते. हशा पिकला. चिटणीसांचे कान लाल झाले. बाकीच्यांनी आपापल्या जागा सांगितल्या. कुणी झाडाखाली, कुणी ओट्यावर, कुणी आमरस खाऊन झोपलेलं. शेवटी राहिले आमचे हे. मी त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, आणि चार माणसांत मी त्यांच्याशी थेट बोललेही नव्हते कधी.

"वकीलसाहेब, आपण कुठे होतात?"

ते कुठे होते ते मला माहीत होतं. चार वाजता मीच त्यांना चहा नेऊन दिला होता. ते सभेत होतो म्हणाले असते, तर त्यांना खोटं पाडायची माझी हिंमत झाली असती का, मला आजही सांगता येत नाही.

"मी घरी होतो," ते म्हणाले.

सभा झालीच नव्हती, म्हणून ठराव नव्हता, आणि ठराव नव्हता म्हणून पत्रही नव्हतं. मी तसं चिटणीसांना लिहायला सांगितलं. त्यांनी त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं आणि या वेळी सगळ्यांनी एकाच खोलीत बसून सह्या केल्या.

शिक्षिका दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आली. गावाकडची भगर आणली होती पिशवीभर. माझ्या पाया पडायला वाकली तशी मी तिला धरलं. म्हटलं, माझ्या पाया कसली पडतेस, हे सगळं माझ्यामुळेच झालं. एक मात्र लक्षात ठेव. वाचल्याशिवाय कुठेही सही करू नकोस, कुणीही कागद समोर धरो. तिने मान हलवली. जूनमध्ये ती कायम झाली. भूगोलाच्या पहिल्या तासाला तिने पुन्हा राखेने नकाशा काढला असं मुलींकडून कळलं.

घरी मात्र अबोला. ह्यांनी आठवडाभर माझ्याशी एक शब्द काढला नाही, नंतर एकदा चहात साखर कमी आहे म्हणाले, आणि मग हळूहळू सगळं पूर्ववत झालं, म्हणजे झाल्यासारखं झालं. अध्यक्ष परत आले तेव्हा मुद्दाम घरी आले. मिठाई आणली होती. "वहिनी, आमच्यामागे तुम्ही तर राज्य चालवलंत," म्हणाले आणि खूप हसले. मीही हसले. मला वाटलं, निभावलं.

श्रावणात शिपाई आला. हातात लाल कापडातलं रजिस्टर. "आठे सही करा, अक्का." या वेळी माझ्याकडे बघत नव्हता.

मी त्याला बसवलं, चष्मा आणला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. सर्वसाधारण सभा, म्हणजे संस्थेच्या सगळ्या सभासदांची. तीही कुठे भरली नव्हती, फिरती होती. तारीख पाहिली. सण नाही, वार नाही, साधा बुधवार. एवढं ते शिकले होते. विषय एकच होता. संस्थेच्या कारभारात सुटसुटीतपणा यावा म्हणून घटनेत दुरुस्ती करून उपाध्यक्षपद रद्द करण्यात येत आहे. बारावं कलम वगळण्यात येत आहे. माझ्या आजवरच्या सेवेबद्दल आभार मानले होते.

सूचक म्हणून आमच्या ह्यांचं नाव होतं. ते वाचून वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. सकाळी त्यांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली होती आणि पावसाबद्दल बोलले होते.

त्याखाली अनुमोदकाचं नाव. ते मी वाचलं, आणि पुन्हा वाचलं. अक्षर ओळखीचं होतं, मुलींच्या वह्यांवर पाहिलेलं, गोल आणि सरळ. शिक्षिकेची सही होती.

मी शिपायाला विचारलं, "ही सही कुठे घेतली?" तो म्हणाला, "शायमा, अक्का. मोठ्या बाईसनी खोलीमा." म्हणजे शाळेत, मुख्याध्यापिकांच्या खोलीत, तिला बोलावून घेतली होती. मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसले. बाहेर पोरी शाळेतून घरी येत होत्या. मग जिथे 'उपाध्यक्ष' असं लिहिलं होतं तिथे मी सही केली आणि शेजारी लिहिलं, 'वाचून सही केली.' नाही केली असती तरी फरक पडणार नव्हता, बाकी सगळ्यांच्या होत्याच.

"आसं कोनी लिखस का, अक्का?" शिपाई म्हणाला. मी रजिस्टर कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

तिला मी लगेच विचारलं नाही. विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. पण पुढे पंधरा-वीस दिवसांनी बाजारात समोर आली. हातात मेथीची जुडी. टाळून जायला जागा नव्हती. ती थांबली, डोळे खाली. मी तिला म्हटलं, "एवढंच सांग, तू न वाचता केलीस ना? घाईत समोर धरलं असेल." मला तेवढंच ऐकायचं होतं. मी स्वतः तेच केलं होतं, मला ते समजलं असतं, मी तिला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

तिने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज वर्गात असे तसाच स्वच्छ होता.

"नाही, ताई," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं ना. मी वाचूनच केली."